दुकानातला पोपट घरी येत नाही

सेलूला जा, जिंतूरला जा, नाहीतर थेट परभणी गाठा. टीव्हीच्या दुकानात भिंतभर पडदे लटकलेले असतात आणि बहुतेकांवर एकच चित्रफीत फिरत असते. रंगीत पोपट, मधाची धार, बर्फाचे डोंगर, काळ्याभोर पडद्यावर उधळलेले रंग. ही फीत टीव्ही खपवण्यासाठीच बनवलेली असते. तिच्यात कॅमेरा संथ, उजेड भरपूर. धावपळ नाही, अंधारी खोली नाही. स्वस्त पडदा उघडा पडतो तो धावपळीत आणि अंधारातच. वर टीव्ही 'स्टोअर मोड'वर ठेवलेला, म्हणजे उजेड आणि रंग शेवटच्या टोकाला चढवलेले.

सेलू तालुक्यातल्या वालूरच्या माणसाने कापसाच्या, सोयाबीनच्या पैशातून पंधरा, वीस, तीस हजार काढायचे आणि ते या पोपटाच्या भरवशावर, हे मला मान्य नाही.

टीव्ही कुठला घ्यावा हे सांगणारे ढीगभर सल्ले मोबाइलवर मिळतात. त्यातले बहुतेक मोठ्या शहरातल्या फ्लॅटमध्ये बसून दिलेले. तिथे फायबर आलेला असतो, वीज क्वचित जाते आणि चार माणसं पडद्यासमोर सोफ्यावर बसतात. सेलू तालुक्यातल्या घरात यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. म्हणून हे सदर वालूरसाठी, आणि वालूरसारख्या ज्या ज्या गावात लोक मोबाइल खाली ठेवून पहिला मोठा पडदा भिंतीवर लावायला निघालेत त्या सगळ्यांसाठी.

महाराष्ट्रात दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ ला, तेही मुंबईत. १९७५-७६ मध्ये उपग्रहावरून २,४०० खेड्यांना टीव्ही दाखवण्याचा 'साइट' नावाचा मोठा प्रयोग झाला. त्यात सहा राज्यं होती, महाराष्ट्र नव्हता. मराठवाड्यातल्या कितीतरी खेड्यांची टीव्हीशी खरी ओळख झाली ती 'रामायण' लागायचं तेव्हा, १९८७-८८ मध्ये. गावात एखाद-दुसरा संच, अंगणात सगळी आळी आणि छपरावर अँटेना फिरवणारा एक पोरगा. निवडायला काही नव्हतंच. मुंबई केंद्रावर 'आमची माती, आमची माणसं' लागायचं ते बघायचं, बातम्या लागायच्या त्या बघायच्या. आज निवडायला इतकं झालंय की गिऱ्हाईक गोंधळतं, आणि गोंधळलेल्या गिऱ्हाइकाची निवड दुकानदार करून टाकतो.

गावातल्या टीव्हीला खाणं तीन वाटांनी येतं. एक नेट, दुसरी डिशची छत्री, तिसरी तुमची स्वतःची साठवण: पेनड्राइव्ह, हार्डडिस्क, लॅपटॉप. दुकानात बोलणं फक्त पहिल्या वाटेचं होतं. मी म्हणतो, टीव्ही तिसऱ्या वाटेवर पारखून घ्या. ती एकच वाट पूर्ण तुमच्या हातात आहे.

पण आधी नेटचा हिशेब, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथेच वाया जातात.

नेटफ्लिक्सच्याच आकड्यांप्रमाणे एचडी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत डेटा खातं आणि फोर-के चित्र ७ जीबीपर्यंत. आता तुमच्या मोबाइलचं पॅक आठवा. रोजचे दीड किंवा दोन जीबी. फोनचं हॉटस्पॉट टीव्हीला जोडून एचडी सिनेमा लावला तर मध्यंतराच्या आधीच दिवसाचा डेटा संपू शकतो. फोर-के तर अर्धा तासही टिकणार नाही. वेगाचं गणित वेगळं: फुल एचडीला सेकंदाला ५ मेगाबिट लागतात, फोर-केला १५. हा वेग सकाळी सहा वाजता गच्चीवर उभं राहून मोजू नका. रात्री नऊला मोजा, सगळं गाव नेटवर असताना, आणि ज्या भिंतीवर टीव्ही लागणार त्या भिंतीपाशी मोजा. आठवडाभर रोज मोजून आकडा कागदावर लिहा. पाचच्या आत फिरत असेल तर फोर-केचे जादा पैसे निव्वळ नेटसाठी देऊ नका.

भिंतीवरून आठवलं. आपल्याकडच्या जुन्या माळवदाच्या भिंती दोन-दोन हात जाड. वाय-फाय त्यांच्यापुढे दमतं, त्यातही पाच गिगाहर्ट्झचं लवकर दमतं. ओसरीत राउटर आणि मधल्या खोलीत टीव्ही अशी मांडणी असेल तर साधी इथरनेटची वायर ओढा. बहुतेक स्मार्ट टीव्हींच्या पाठीमागे तिची खाच असते, नसेल तर तो टीव्ही तुमच्या घराचा नाही. दोनशे-चारशे रुपयांच्या वायरने जे काम होतं ते महागड्या राउटरनेही होत नाही.

आता छत्री. डीडी फ्री डिश महिन्याला एक पैसा मागत नाही, ती काढू नका. नवा टीव्ही आला म्हणून जुनी छत्री भंगारात देणारे लोक पहिल्याच पावसात पस्तावतात. नेट आठ दिवस बंद पडलं तर बातम्या छत्रीवरच येणार.

आणि तिसरी वाट. इथे जरा थांबतो.

गावातल्या माणसाकडे स्वतःचं काय काय असतं ते बघा. लग्नाची शूटिंग आता डीव्हीडीत कुणी देत नाही, फोटोग्राफर पेनड्राइव्ह देतो. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं रेकॉर्डिंग असतं. सप्त्यातलं कीर्तन कुणीतरी फोनवर धरलेलं असतं. पोरांचे अभ्यासाचे व्हिडिओ असतात. कृषी विद्यापीठ परभणीतच आहे. तिथल्या तज्ज्ञांची बोंडअळीवरची, सोयाबीनवरची मार्गदर्शनं मोबाइलवर येतच असतात. आणि वालूरकरांकडे तर बारव आहे. गावकऱ्यांनी साफसफाई करून उजेडात आणलेली ती चक्राकार बारव टपाल खात्याच्या सचित्र पोस्टकार्डावर गेली. गोल गोल खाली उतरत जाणाऱ्या त्या पायऱ्या वरून, ड्रोनमधून घेतलेल्या बघायच्या असतील तर सहा इंचांच्या मोबाइलवर त्यांचं काय दिसणार? मोठा पडदा हवा तो यासाठी. आपलं गाव आपल्याच भिंतीवर नीट दिसावं.

आता दुकानातला संवाद ऐका. सगळीकडे हाच असतो.

"काका, हा घ्या. फोर-के, स्मार्ट, अँड्रॉइड. एकदम नवा माल."

"आमचा पेनड्राइव्ह चालंल का?"

"सगळं चालतं, काका."

'सगळं चालतं' हे उत्तर घेऊ नका. खिशातून पेनड्राइव्ह काढा आणि म्हणा, लावून दाखवा. जो दुकानदार लावून दाखवत नाही त्याच्याकडून टीव्ही घेऊ नका.

पेनड्राइव्हवर काय न्यायचं, तेही सांगतो. घरातली सगळ्यात मोठी फाइल न्या, म्हणजे बहुधा लग्नाचीच. ती चार जीबीच्या वर असेल तर पहिला घोळ घरीच होतो. बरेच जुने पेनड्राइव्ह 'फॅट-३२' पद्धतीने आखलेले असतात आणि त्या पद्धतीत चार जीबी किंवा त्याहून मोठी एक फाइल बसतच नाही. कॉम्प्युटर 'जागा नाही' किंवा 'फाइल फार मोठी' म्हणतो आणि माणूस पेनड्राइव्हला शिव्या देतो. पेनड्राइव्ह 'एक्स-फॅट'मध्ये फॉरमॅट केला की फाइल बसते, मात्र आधी आतला माल दुसरीकडे काढून ठेवा, फॉरमॅट सगळं पुसतो. पुढचा प्रश्न असा की टीव्हीला एक्स-फॅट वाचता येतं का? काहींना येतं, काहींना येत नाही. खोक्यावर हे छापलेलं नसतं, म्हणून लावूनच बघायचं.

दुसरी फाइल न्या ती नव्या फोनवर काढलेला व्हिडिओ. आजकालचे बरेच फोन व्हिडिओ 'एच २६५' नावाच्या पद्धतीने आवळून ठेवतात. २०१३ साली आलेली ही पद्धत. जागा कमी खाते, पण ती उलगडायला टीव्हीत ताकद लागते. ताकद नसेल तर चित्र अडखळतं, किंवा आवाज येतो आणि पडदा काळा राहतो.

तिसरी फाइल सिनेमाची, आणि इथे उलटी गंमत होते: चित्र छान आणि आवाज गायब. लोक टीव्ही बिघडला समजून दुकानात परत नेतात. टीव्ही धडधाकट असतो. त्या फाइलमधला आवाज 'डीटीएस' जातीचा असतो आणि टीव्हीला तो समजत नाही. कंपनीला त्याचा परवाना पैसे भरून घ्यावा लागतो आणि अनेक जण घेत नाहीत. सॅमसंगसारख्या बड्या कंपनीनेही २०१८ पासूनच्या टीव्हींमधून डीटीएस काढून टाकलं. म्हणजे नाव मोठं म्हणून आवाज येईलच असं नाही. टीव्ही खऱ्या अँड्रॉइडचा असेल तर त्यावर 'व्हीएलसी' हे फुकटचं ॲप घाला, बहुतेक वेळा अडलेला आवाज मोकळा होतो.

चौथी फाइल मराठी उपशीर्षकांची. तमिळ, मल्याळम सिनेमे बघणारी पोरं आता गावोगाव आहेत. देवनागरी अक्षरांच्या जागी चौकोन दिसले, किंवा वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे गेलं, तर त्या टीव्हीत मराठीची सोय अर्धवट आहे असं समजा. ही तक्रार कुणी करत नाही म्हणून कंपन्या सुधारत नाहीत. मराठी माणसाने ही तक्रार दुकानात मोठ्याने केली पाहिजे.

पाचवी वस्तू हार्डडिस्क, असेल तर. टीव्हीची यूएसबी खाच कधी कधी इतकी अशक्त असते की फिरती डिस्क नुसती टकटक करते, सुरू होत नाही. दोन यूएसबी असतील तर दोन्हींत लावून बघा.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. मोबाइलच्या दुकानात शंभर रुपयांत सिनेमे भरून पेनड्राइव्ह मिळतो, तो चोरीचा माल आहे. मराठी सिनेमा आधीच थिएटरसाठी झगडतो, त्याला आपल्याच गावातून असा सुरा लावायचा? २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने सिनेमाच्या चोरीला किमान तीन महिन्यांची कैद आणि किमान तीन लाखांचा दंड ठेवलाय. कायद्याच्या भीतीने नको, लाजेखातर तरी हे बंद करा. आणि ओटीटीच्या ॲपमध्ये पैसे भरून उतरवलेला सिनेमा त्या ॲपच्या बाहेर चालत नाही, तो पेनड्राइव्हवर टाकता येत नाही, हेही आधीच समजून घ्या.

लॅपटॉप जोडणाऱ्यांसाठी. घरात कॉलेजला जाणारं पोर असेल तर टीव्हीचा अर्धा उपयोग कॉम्प्युटरचा पडदा म्हणून होणार आहे, आणि ३२ इंचांत लोक हमखास फसतात ते इथे. 'एचडी रेडी' लिहिलेल्या टीव्हीत आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके. 'फुल एचडी'त १९२० आणि १०८०, म्हणजे जवळपास दुप्पट. मालिका बघताना लांबून फरक जाणवत नाही. लॅपटॉप जोडला की लगेच जाणवतो: मराठी मजकुरातले अनुस्वार पुसट होतात, जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात, 'र्‍या'मधली रेघ हरवते. पोराला त्यावर निबंध वाचायचा असेल, सातबारा उघडायचा असेल, तर फुल एचडी घ्या. ३२ इंचांत फुल एचडी मिळतो, मात्र मागावा लागतो. दुकानदार आपणहून पुढे करतो तो एचडी रेडी.

एचडीएमआय वायर लावल्यावर लॅपटॉपच्या पडद्याच्या कडा कापल्या गेल्या, खालची पट्टी दिसेना, तर घाबरू नका. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये 'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट' अशा नावाचं काहीतरी असतं, ते चालू करा. त्या इनपुटचं नाव बदलून 'पीसी' केलं की बऱ्याच टीव्हींवर अक्षरं आणखी धारदार होतात. जुना डेस्कटॉप असेल तर त्याला व्हीजीएची निळी वायर असते. नव्या टीव्हीला ती खाच बहुधा नसते. मधे कन्व्हर्टर लागतो, आणि व्हीजीएतून आवाज जात नाही, तो वेगळा न्यावा लागतो.

नेट गेलं तरी घरातलं वाय-फाय जात नाही, ही गोष्टही फार थोड्यांना माहीत असते. राउटरला वीज आहे तोवर लॅपटॉपमधली फाइल वायरशिवाय टीव्हीवर लागू शकते, कारण ती घरातल्या घरात फिरते. 'डीएलएनए' असलेल्या टीव्हीला ही सोय आयतीच असते, नाहीतर व्हीएलसीमधून होते. बाहेर केबल तुटली म्हणून घरातला टीव्ही आंधळा करून बसायची गरज नाही.

आकाराचं फार बोलत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत ४३ इंच पुष्कळ झाला. जीएसटीत ३२ इंचांपर्यंतच्या टीव्हीला आधीपासून १८ टक्के होते आणि त्यावरच्याला २८. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या टीव्हीलाही १८ टक्केच आहेत. जुन्या दराने किंमत सांगणाऱ्याला बिल दाखवायला सांगा.

मात्र बघायला कुठून बसणार, हे आकाराहून महत्त्वाचं. आपल्याकडे टीव्ही लावतात उंच, देवाच्या फोटोच्या ओळीत, आणि माणसं बसतात खाली सतरंजीवर. भारताची मॅच असली की खोलीत दहा-बारा जण, त्यातले निम्मे कडेला. पडद्याच्या दोन मुख्य जाती आहेत. 'व्हीए' पडद्यावर काळा रंग दाट दिसतो, पण बाजूने किंवा खालून पाहिलं की चित्र विटतं. 'आयपीएस' पडद्यावर काळा जरा राखाडी, पण कडेला बसलेल्यालाही रंग नीट दिसतात. दुकानात उभ्याउभ्या, नाकासमोर टीव्ही बघून काय कळणार? सरळ खाली बसा. दुकानदार हसला तर हसू दे. मग कोपऱ्यात सरकून बघा. मॅच बघणाऱ्या घराला मी आयपीएसच सांगेन, आणि टीव्ही एक हात खाली लावायला सांगेन.

आता तो 'स्मार्ट' शब्द. त्याचे पैसे देताना हात आखडता घ्या.

पडदा आठ-दहा वर्षं सहज चालतो. आतलं सॉफ्टवेअर त्याआधीच म्हातारं होतं. सॅमसंगच्या २०१०-११ सालच्या काही टीव्हींवरून नेटफ्लिक्स १ डिसेंबर २०१९ पासून बंद झालं. पडदे चांगले होते, ॲपने साथ सोडली. आणि हे तर नामांकित कंपनीचं. गल्लोगल्ली 'स्मार्ट अँड्रॉइड' म्हणून जे स्वस्त टीव्ही मिळतात, त्यांतल्या अनेकांत फोनसाठीचं उघडं अँड्रॉइड कोंबलेलं असतं, त्याला गूगलचं प्रमाणपत्र नसतं. मग नेटफ्लिक्स चालत नाही, किंवा ओटीटीचं चित्र एचडी येतच नाही, कारण चोरीपासून संरक्षण देणारी 'वाइडवाइन एल-१' ही पातळी त्यात नसते. टीव्ही फुल एचडीचा आणि चित्र जुन्या डीव्हीडीसारखं. ओळखायचं कसं? टीव्ही सुरू झाल्यावर 'गूगल टीव्ही' किंवा 'अँड्रॉइड टीव्ही' असं नाव झळकतं का, आत टीव्हीसाठीचं अस्सल प्ले स्टोअर आहे का, नेटफ्लिक्स उघडतं का, हे दुकानातल्या नेटवर उघडून दाखवायला लावा. एक जीबी रॅमचा टीव्ही पहिल्या वर्षी चालतो, पुढे दर अपडेटला कण्हतो. दोन जीबी मिळत असेल तर त्यासाठी हजार रुपये जादा द्या, ते वाया जात नाहीत.

आणि हे जमत नसेल, तर पडदा चांगला घ्या आणि डोकं नंतर जोडा. एचडीएमआयला लागणारी फायर टीव्हीसारखी कांडी काही हजारांत मिळते, म्हातारी झाली की बदलता येते. म्हणून एचडीएमआयच्या खाचा मोजा. दोनपेक्षा कमी असतील तर उठा. दोनच असल्या तर एक छत्रीच्या डब्याला जाते, एक कांडीला, लॅपटॉपला काय उरतं? तीन असाव्यात.

स्मार्ट टीव्ही तुम्हाला बघतोसुद्धा. पडद्यावर काय चाललंय ते ओळखून कंपनीला कळवण्याची सोय बऱ्याच टीव्हींत असते. अमेरिकेत व्हिजिओ कंपनीने एक कोटीहून जास्त टीव्हींवरून लोकांना न विचारता हे केलं आणि २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. पहिल्यांदा टीव्ही सुरू करताना ज्या अटींना आपण भराभर 'हो, हो' म्हणत जातो, तिथे थांबा. 'व्ह्यूइंग डेटा' असं काही दिसलं तर ते बंद करा. त्याने टीव्ही अडत नाही. त्याच वेळी 'होम' की 'स्टोअर' असंही विचारतात, तिथे 'होम' निवडा.

विजेचं थोडक्यात, पण हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. टीव्हीच्या पाठीवर किती व्होल्टपर्यंत चालतो ते लिहिलेलं असतं. १०० ते २४० लिहिलं असेल तर कमी दाबाची काळजी कमी, काळजी अचानक वाढणाऱ्या दाबाची. रात्री शेतीपंप एकदम बंद होतात तेव्हा घरातल्या दिव्याकडे बघा, तो भगभगून पेटला तर स्टॅबिलायझर लावाच. इन्व्हर्टरवर टीव्ही घेताय तर राउटरही घ्या, नाहीतर पडदा उजळ आणि नेट मेलेलं. आणि वळवाचा पाऊस. वीज कडाडायला लागली की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा, छत्रीची वायर काढा, इथरनेटची वायर काढा. वीज छत्रीच्या वायरीतूनही घरात येते.

टीव्ही कधी बंद करायचा हेही घेतानाच ठरवा. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि घराघरांतले टीव्ही, मोबाइल बंद होतात. साडेआठला पुन्हा वाजतो, तोवर पोरांनी अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी पोरांकडे बघायचं. ग्रामसभेने ठरवलं आणि गावाने पाळलं. मला याचं अप्रूप वाटतं. वालूरने बारवेसाठी एकजूट दाखवली आहे, हे त्या मानाने सोपं काम आहे.

राहिला पैसा. 'शून्य टक्के व्याज' अशी पाटी दिसली की आधी रोख किंमत विचारा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं, व्याज कुठेतरी दडवलेलं असतं. प्रक्रिया शुल्कात असेल, सोडून दिलेल्या सवलतीत असेल. रोख किंमत आणि सगळे हप्ते मिळून होणारी रक्कम शेजारी शेजारी लिहायला लावा. दहा मिनिटांचं काम आहे.

अनोळखी कंपनीचा टीव्ही घेण्याआधी त्यांचं सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते विचारा. 'फोन करा, माणूस येईल' हे उत्तर पुरेसं नाही. परभणीत आहे का, नांदेडला आहे का, पत्ता द्या म्हणा. पॅनल गेलं की दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो, तेव्हा पॅनलची वॉरंटी एक वर्षाची की तीन, हे बिलावर लिहून घ्या. ऑनलाइन मागवलात तर खोकं उघडतानाचं चित्रीकरण करा, पडदा फुटलेला निघाला तर तोच पुरावा. आणि जीएसटीचं पक्कं बिल घेतल्याशिवाय दुकानातून हलू नका. 'बिलाशिवाय पाचशे कमी करतो' असं म्हणणारा तुमची वॉरंटी पाचशे रुपयांना विकत घेत असतो.

एवढं करूनही माल खराब निघाला आणि दुकानदाराने, कंपनीने हात वर केले, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. तिथे भागलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्हाला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनी मुंबईची असो की परदेशातली, खटला परभणीत चालतो. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी एक रुपयाही शुल्क लागत नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही.